हुद्द्याचा रकाना

जुने वर्गमित्र पुष्कळ वर्षांनी भेटले की पहिली दोन वाक्यं ओळख पटण्यात जातात. "अगं, तू तीच ना, पहिल्या बाकावरची?" वगैरे. तिसरं वाक्य मात्र ठरलेलं असतं. "मग, सध्या काय करतेस?" आता पंच्याहत्तरीला टेकलेल्या माणसांनी सध्या काय करायचं असतं? वेळेवर गोळ्या घ्यायच्या, नातवंडांचे फोन घ्यायचे आणि गुडघे सांभाळायचे! पण विचारणाऱ्याला हे उत्तर नको असतं. त्याला विचारायचं असतं, "शिकून काय झालीस? कुठवर पोचलीस?" आणि त्याचं उत्तर एका हुद्द्यात द्यायचं असतं. मॅनेजर, मुख्याध्यापक, तहसीलदार. स्वतःचा हुद्दा नसेल तर नवऱ्याचा, आणि तोही नसेल तर मुलाचा, शक्यतो परदेशातला.

या प्रश्नाचा आता फॉर्मही झालेला आहे. आमचं कॉलेज सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी भागातलं, तालुक्याच्या गावचं, शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं. मी तिथून १९७२ साली बी.ए. झाले. विषय मराठी, माध्यमही मराठी. मागच्या वर्षी कॉलेजनं माजी विद्यार्थ्यांची माहिती गोळा करायला घेतली आणि आम्हा सगळ्यांच्या फोनवर फॉर्म आला. नाव, बॅच, पदवी, सध्याचा हुद्दा, कंपनीचं नाव, वार्षिक उत्पन्न. सगळं इंग्रजीत. हुद्दा आणि कंपनी या दोन रकान्यांपुढे लाल चांदणी होती, म्हणजे ते रिकामे ठेवले तर फॉर्म पुढे सरकतच नाही. मी 'निवृत्त शिक्षिका' असं लिहिलं, शाळेचं नाव घातलं आणि माझा फॉर्म गेला.

माझ्या मैत्रिणीचा गेला नाही. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. ती अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि मार्कांत माझ्या पुढे होती. तिचा फोन आला, "अगं, हुद्दा काय लिहू? गृहिणी लिहिलं तर आता कंपनीचं नाव मागतोय. जाऊ दे. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच." तिनं फॉर्म सोडून दिला आणि डिसेंबरात मेळावा झाला, त्यालाही ती आली नाही.

तिचं हे 'सांगण्यासारखं काही नाही' मला अजिबात पटलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आधी तिनं काय केलं ते सांगते. परीक्षा संपली त्याच मे महिन्यात तिचं लग्न झालं आणि ती लालबागला एका चाळीत आली. नवरा गिरणीत, सासूची खाणावळ. घरात दहा बाय बाराची एक खोली आणि जेवायला बारा-चौदा गिरणी कामगार. ही पदवीधर सून खाणावळीचा हिशेब लिहायला लागली. कुणाचे किती दिवस भरले, कुणी गावाला जाताना किती बाकी ठेवली. पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून द्यायला सुरुवात केली. तोवर बायका वाण्याकडून नाहीतर सावकाराकडून जबर व्याजानं पैसे उचलत. आमच्या मैत्रिणीच्या चाळीतल्या बायकांचे बँकेचे कागद कोण भरत होतं? हीच. अंगठ्याऐवजी सही करायला त्यांना कुणी शिकवलं? हिनंच. अर्थशास्त्राच्या पेपरात 'ग्रामीण पतपुरवठा' या प्रश्नावर आम्ही चार-चार पानं लिहिली होती. पतपुरवठा म्हणजे काय ते आमच्या वर्गात खऱ्या अर्थानं तिलाच कळलं असेल.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेच पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. तिचा नवराही गेला नाही. खाणावळीचे मेंबर गावाला निघून गेले, खाणावळ बसली. तेव्हा हिनं चाळीच्या गॅलरीत शिकवण्या सुरू केल्या. पंचवीस-तीस वर्षं ती शिकवत होती. काही मुलं तर अशी, की आधी आईला तिनं शिकवलं आणि मग तिच्या पोराला.

आता तुम्हीच सांगा, मी सरकारी पगारावर शिकवलं म्हणून माझा हुद्दा 'शिक्षिका', आणि हिनं गॅलरीत शिकवलं म्हणून हिचा रकाना रिकामा? मला दरमहा पगार मिळाला, आता पेन्शन मिळते. हिला त्यातलं काहीच नाही. निदान माहितीच्या फॉर्मात तरी हिला जागा नको का?

दुसरी गोष्ट. आम्ही जे हुद्दे मिरवतो, त्यात आमचं कर्तृत्व किती आणि सालाचा वाटा किती, हेही एकदा बघायला हवं. १९ जुलै १९६९ ला चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यानंतर तालुक्यात आणि बाजाराच्या गावात बँकांच्या शाखा निघायला लागल्या, क्लार्कच्या जागा निघायला लागल्या. आमच्या वर्गातले पाच जण बँकेत लागले. हुशार होते, मेहनती होते, त्यात शंकाच नाही. त्यातला एक शाखाधिकारी होऊन २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडला. मेळाव्यात त्यानंच प्रांजळपणे सांगितलं, "आपण दहा वर्षं आधी पास झालो असतो तर ही बँकच गावात नव्हती, आणि वीस-पंचवीस वर्षं उशिरा झालो असतो तर ही भरती नव्हती." गंमत बघा. ज्या राष्ट्रीयीकरणानं त्याला नोकरी दिली, त्याच राष्ट्रीयीकरणामुळे आमच्या मैत्रिणीच्या चाळीतल्या बायकांना कर्ज मिळालं. काउंटरच्या आत बसला त्याला हुद्दा मिळाला, बाहेर उभं राहून दुसऱ्यांचे अर्ज भरून दिले तिला नाही.

दुसऱ्या एकाला नोकरी लावली ती दुष्काळानं. आम्ही पास झालो त्या १९७२ साली आमच्याकडे पाऊस फिरकलाच नाही. माण-खटावला दुष्काळ नवा नाही, पण तो दुष्काळ सगळ्या महाराष्ट्राचा होता. ठिकठिकाणी खडी फोडायची, रस्त्यांची, पाझर तलावांची कामं निघाली. मजुरांची हजेरी मांडायला लिहिता-वाचता येणारी पोरं हवी होती. आमचा हा वर्गमित्र मस्टर घेऊन उन्हात उभा राहायला लागला. त्याच कामावर त्याची आई खडी फोडत होती आणि तो तिची हजेरी मांडत होता. पुढे तो ग्रामसेवक झाला आणि त्याच पदावर निवृत्त झाला. रोजगार हमीचा महाराष्ट्राचा कायदा १९७७ साली झाला आणि तसाच कायदा २००५ साली सगळ्या देशासाठी झाला, हे आपण कौतुकानं सांगतो. पण आईच्या नावापुढे हजेरीची खूण करणारा हा मुलगा कॉलेजच्या 'यशस्वी माजी विद्यार्थी' फलकावर कुठेच नाही. कारण ग्रामसेवक हा काही मिरवण्यासारखा हुद्दा नव्हे!

आणि तिसरा तर माजी विद्यार्थीच नाही म्हणे. दुष्काळात घरची जनावरं विकली गेली आणि त्यानं मधेच कॉलेज सोडलं. आमच्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा हा धंदा. त्यासाठी विटा, आटपाडी, खटाव, माण इथली पोरं पार तमिळनाडू-केरळपर्यंत जातात. हाही नात्यातल्या एका दुकानात भट्टीसमोर बसायला तमिळनाडूत गेला आणि तिथलाच झाला. तीन भाषा बोलतो. दिवाळी अंक अजून पोस्टानं मागवतो. मेळाव्याची बातमी त्याला कुणाकडून तरी कळली तेव्हा त्यानं मला फोन करून विचारलं, "मला चालेल का यायला? मी काही पास झालेलो नाही." सत्तरी ओलांडलेला माणूस हे विचारतोय! मी म्हटलं, बाबा, ये. तो रेल्वेनं आला, मागच्या ओळीत बसला आणि प्रत्येकाचं मनोगत झालं तेव्हा त्याला कुणी माईक दिला नाही. यादीत नाव नव्हतं ना.

मुलींची तर आणखीनच वेगळी कथा. शेवटच्या वर्षाला आम्ही वर्गात बेचाळीस जण होतो, त्यात नऊ मुली. मुलगे बहुतेक सगळे सापडले. वारले त्यांचीही खबर लागली. नऊ मुलींपैकी मात्र चारच सापडल्या. कारण साधं आहे. कॉलेजच्या रजिस्टरात आमची माहेरची नावं. लग्नानंतर आडनाव बदललं, मधलं नाव बदललं आणि कितीजणींचं तर पहिलं नावही ताटातल्या तांदळात नव्यानं लिहिलं गेलं. आता शोधणार कसं? पदवीच्या कागदावर एक बाई आणि रेशनकार्डावर दुसरीच. मुलगा हरवला तर त्याचं नाव तरी मागे राहतं. आमच्या पाच मैत्रिणी आहेत की नाहीत हेही आम्हाला माहीत नाही, आणि कॉलेजच्या फॉर्मात 'माहेरचं नाव' असा रकानाच नाही.

माझ्या धाकट्या दिराचं म्हणणं असं की वहिनी, तुम्ही उगाच फॉर्मवर रागावताय. कॉलेजला हे सगळं 'नॅक'साठी करावं लागतं. ते खरं आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडून कॉलेजांचं मूल्यांकन होतं. आजवर चालत आलेल्या तिच्या सात निकषांपैकी पाचव्यात विद्यार्थी पुढे काय झाले आणि माजी विद्यार्थ्यांचा कॉलेजशी संबंध किती, हे विचारलं जातं. प्राध्यापकांना वर्गावर शिकवून वर हे कागद भरावे लागतात, मला त्यांची दया येते. दिराचा दुसरा मुद्दा असा की मोठ्या पदावर गेलेल्यांची नावं लावली की मुलांना प्रेरणा मिळते. तेही मी नाकारत नाही. खेड्यातली पोर कलेक्टर झाली तर तिचा फोटो जरूर लावावा, चांगला मोठा लावावा.

पण नॅकनं असं कुठे सांगितलंय की एवढंच विचारा? आणि प्रेरणेचं म्हणाल तर मी पस्तीस वर्षं वर्गावर होते. फलकावर आमदार, कलेक्टर आणि कंपनीचे डायरेक्टर एवढेच असले की शंभरातल्या नव्वद मुलांना त्यातून कळतं ते इतकंच, की हे आपल्यासाठी नाही. आज कुणी मुलगी बी.ए. करते म्हटलं की नात्यातले लोक तोंड वाकडं करतात. "बी.ए. करून काय होणार?" तिला या प्रश्नाचं खरं उत्तर हवं आहे. बी.ए. करून खाणावळीचा हिशेब लिहिता येतो, चाळीतल्या बायकांना सावकाराच्या हातातून सोडवता येतं, नवऱ्याची नोकरी गेली तर घर उभं ठेवता येतं. आणि हेही तिला सांगायला हवं, की एवढं करून स्वतःच्या नावावर पैसा न ठेवला तर म्हातारपणी मुलांच्या तोंडाकडे बघावं लागतं. आमची मैत्रीण मेळाव्यात येऊन हे बोलली असती, तर त्या वर्गातल्या मुलींना कुठल्याही डायरेक्टरच्या भाषणापेक्षा जास्त उपयोग झाला असता.

कॉलेजनंतर माणसांचं पुढे काय झालं, हे जगात इतरांनीही विचारलेलं आहे. माझ्या अमेरिकेतल्या भाच्यानं मला एका भाषणाची चित्रफीत पाठवली. हार्वर्ड विद्यापीठातल्या २६८ विद्यार्थ्यांचा अभ्यास १९३८ साली सुरू झाला आणि तो त्यांच्या म्हातारपणापर्यंत चालू राहिला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडीसुद्धा त्यात होते. त्याच्याच जोडीला बॉस्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या ४५६ मुलांचाही असाच अभ्यास झाला. दोन-दोन वर्षांनी त्यांना प्रश्न पाठवायचे. नोकरीबद्दल तर विचारायचेच, पण तब्येत, संसार, मित्र याबद्दलही विचारायचे. या अभ्यासाचे प्रमुख रॉबर्ट वॉल्डिंगर यांनी २०१५ सालच्या त्या भाषणात सांगितलं की पन्नाशीत ज्यांची आपल्या माणसांशी नाती समाधानाची होती, तीच माणसं ऐंशीच्या वयात जास्त निरोगी निघाली. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून जे कळलं नाही ते नात्यांवरून कळलं. या अभ्यासातही एक खोट आहेच. मुळात घेतले ते सगळे मुलगेच. बायकांना विचारायला सुरुवात झाली ती पुष्कळ नंतर. पण जे कॉलेजात गेलेच नाहीत त्यांनाही त्यांनी तेवढ्याच चिकाटीनं विचारलं, ही गोष्ट मला फार आवडली. आमचा तमिळनाडूचा मित्र तिथे यादीबाहेर राहिला नसता.

मला काय वाटतं ते आता स्पष्टच सांगते. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी ई.बी.सी.च्या सवलतीत शिक्षण घेतलं. आमची फी सरकारनं, म्हणजे लोकांनी भरली. तेव्हा पुढे काय केलं याचा हिशेब आमच्याकडे मागायचा कॉलेजला पूर्ण अधिकार आहे. फक्त तो हिशेब पगाराचा नको, शिक्षणाचा मागावा. मी प्राचार्यांना पत्र लिहून पाच प्रश्न सुचवले आहेत. इथे शिकलेलं कुठे उपयोगी पडलं? कुणाला शिकवलंत, पगारी किंवा बिनपगारी? शिक्षण मधेच सुटलं असेल तर का सुटलं? काय करायचं होतं आणि राहून गेलं? तुमच्या वर्गातलं कोण सापडत नाही? आणि मुलींसाठी माहेरच्या नावाचा रकाना. हुद्द्याचा रकाना राहू दे, त्याची लाल चांदणी तेवढी काढा. प्राचार्य तरुण आहेत, भले आहेत. त्यांनी उत्तर पाठवलं की फॉर्म बदलायला वेळ लागेल, पण तुम्ही लिहून आणलंत तर ग्रंथालयात एक वही ठेवू.

म्हणून सध्या माझा उद्योग हाच. वर्गातल्या एकेकाला फोन करते आणि अर्धं पान लिहून मागते. चौदा जणांचं आलं आहे. बँकवाल्यानं तीन पानं पाठवली, सवयच आहे त्याला! ग्रामसेवकानं मस्टरबद्दल लिहिलं. तमिळनाडूच्या मित्रानं पोस्टकार्डावर लिहिलं, जागा पुरली नाही म्हणून दुसरं कार्ड टाकलं. लालबागची मैत्रीण अजून 'बघते' म्हणते आहे. तिची मी पाठ सोडणार नाही.

आता तुमच्याकडे एक काम आहे, विशेषतः आमच्या घरातल्या पोरांकडे. तुमची आई, आजी, आत्या, मावशी यांपैकी कुणीतरी कॉलेजात गेलेली असेल. पदवीचा कागद कपाटात साड्यांच्या खाली पडलेला असेल. तिला एकदा विचारा की कुठल्या कॉलेजात होतीस, माहेरचं पूर्ण नाव काय होतं, बरोबर कोण होत्या. 'सध्या काय करतेस' हे मात्र विचारू नका, ते तुम्हाला रोज ताटात दिसतंच. ती सांगेल ते तारखेसकट लिहून ठेवा आणि तिच्या कॉलेजला पाठवा. आमच्या हरवलेल्या पाचजणींपैकी एखादी तुमच्याच घरात असायची. माहेर माण किंवा खटावचं आणि १९७२ ची बी.ए. असेल, तर मला आधी कळवा.